भरताचा सीझन तोच खरुचीचा सीझन: छोटा ससाणा ओळखायला कसं शिकायचं

दिवाळी सरली की आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक म्हणजे शेताशेतात भरीत पार्ट्या, बामणोदची हिरवट पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, मिरची लसूण ठेचायचा, सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकर. दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्या विजेच्या तारेवर येऊन बसलेला एक पिटुकला विटकरी रंगाचा शिकारी पक्षी, आणि पार्टीतल्या पन्नास जणांपैकी एकाचंही त्याच्याकडे लक्ष नसतं. कोणी विचारलंच तर "घार असेल" नाहीतर "शिक्रा असेल" म्हणून लोक परत वांग्याकडे वळतात. ती घार नाही आणि शिक्राही नाही. ती खरुची. ससाण्यांच्या घराण्यातली आपल्याकडे सगळ्यात सहज दिसणारी, इंग्रजीत केस्ट्रेल म्हणतात ती. नाव बाईमाणसाचं आहे म्हणून नर असला तरी मी "ती"च म्हणतो, सवय झालीय.

हा लेख ज्यांनी आत्ताच दुर्बीण घेतलीय किंवा घ्यायचा विचार चाललाय अशांसाठी आहे. जुने पक्षीवाले सोडून द्या, त्यांना हे सगळं माहीत असतं. मी स्वतः एक अख्खा हिवाळा कापशी घारीला खरुची समजून वहीत लिहीत होतो, पंधरा-वीस नोंदी, सगळ्या चुकीच्या, आणि नंतर एका अनुभवी माणसाने फोटो बघून फक्त "पोट बघ की" एवढंच म्हटलं तेव्हा कळलं. त्या चुकीतून जे शिकलो ते असं की शिकारी पक्षी ओळखताना रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी महिना, मग जागा, मग तो काय करतोय ते, मग आकार, आणि मग रंग. नवीन माणूस बरोबर उलटं करतो, रंगापासून सुरू करतो आणि तिथेच फसतो, कारण लांबून उन्हाच्या विरुद्ध बाजूला बसलेला कुठलाही पक्षी तपकिरीच दिसतो.

सामान थोडक्यात सांगतो. ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते, १० बाय ५० घेऊ नका, हात थरथरतो आणि मान दुखते. एक वही, एक पेन. कॅमेरा नसेल तर नसू द्या. फोनमध्ये मर्लिन नावाचं ॲप टाकून ठेवा, फुकट आहे आणि भारतातले पक्षी त्यात आहेत. गंमत म्हणजे मर्लिन हे एका छोट्या ससाण्याचंच नाव आहे, पण तो ससाणा उत्तरेकडून हिवाळ्यात मुख्यतः आपल्या देशाच्या वायव्य भागात येतो, तेव्हा ॲपवर भेट झाली तेवढ्यावर समाधान माना.

पहिली पायरी: महिना आणि वावर

खरुची आपल्या सपाटीच्या भागात हिवाळी पाहुणी आहे. ढोबळ हिशोब हवा असेल तर कोजागिरी ते होळी, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. ह्या काळात ती इथे का येते ते समजून घेतलं तर जागा आपोआप सापडते. खरीप निघालेला असतो, ज्वारी-बाजरी कापून झालेली, उडीद-मूग केव्हाच घरात, काळ्या जमिनीला भेगा पडायला सुरुवात झालेली, आणि त्या भेगांत न् बांधांच्या बिळांत उंदीर. वर नाकतोडे, सरडे, भुंगे. खरुचीला ह्यातलं काहीही चालतं, पण तिला ते वरून दिसलं पाहिजे. म्हणजे उघडी जमीन पाहिजे.

त्यामुळे रावेर-यावलच्या दाट केळीत तिला शोधत बसू नका. केळीच्या पानांखाली काय चाललंय ते तिला दिसत नाही, मग ती कशाला तिथे थांबेल. त्याच केळीच्या पलीकडे हरभऱ्याचं शेत असेल, पडीक तुकडा असेल, माळ असेल, तिथे बघा. धुळ्याहून मुंबईकडे जाताना लळिंगच्या किल्ल्याखालचा कुरणाचा भाग, भुसावळकडून हतनूर धरणाच्या बाजूला जाताना लागणारी मोकळी शिवारं, साक्रीकडचं पवनचक्क्यांचं उघडं बोडकं पठार, अशा जागा. गवत गुडघ्यापेक्षा कमी आणि आसपास एखादा उंच खांब, एवढं असलं की पुरे.

हतनूरला बहुतेक लोक पाण्यावरचे पक्षी बघायला जातात, बदकं, करकोचे वगैरे, आणि जायलाच पाहिजे, तापी-पूर्णेचं पाणी तिथे अडवलंय आणि हिवाळ्यात मेळा भरतो. पण जाताना रस्त्यावरच्या तारा बघत जा हो. सगळे गाडीत गप्पा मारत जातात आणि धरणावर पोहोचल्यावर दुर्बीण काढतात, तोपर्यंत तीन खरुच्या मागे गेलेल्या असतात.

वेळ म्हणाल तर सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी चारनंतर. फार पहाटे जाऊन उपयोग नाही, थंडीत ती पण पिसं फुगवून बसलेली असते आणि उंदीर-सरडे पण बाहेर आलेले नसतात. सकाळी निघालात तर पूर्वेकडून पश्चिमेकडे जा, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीमागे राहील आणि पक्ष्याचा खरा रंग दिसेल. एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

दुसरी पायरी: तार वाचायला शिका

आपल्याकडे तारांची कमी नाही. दीपनगरच्या वीज केंद्राकडून निघालेल्या मोठ्या लाइनी सगळ्या शिवारावरून गेल्यात, शिवाय शेतातल्या पंपांच्या लाइनी वेगळ्या. ह्या तारांवर काय काय बसतं त्याची यादी डोक्यात तयार करा. कोतवाल, दोन टोकांची काळी शेपटी, लगेच कळतो. वेडे राघू, हिरवे, रांगेत. चास म्हणजे नीलपंख, डोकं मोठं, मान नाहीच. होले, पारवे. हे सगळे एकदा पाठ झाले की ह्यात न बसणारी आकृती आपोआप डोळ्यात भरते.

खरुची ताठ बसते, उभी, आणि शेपटी लांब खाली लोंबत असते. डोकं गोल, खांदे रुंद, खाली निमुळती होत गेलेली. लांबी पारव्याएवढीच, ३२ ते ३९ सेंटिमीटरच्या मधे, पण त्यात शेपटीचा वाटा मोठा, म्हणून अंगाने ती सडपातळ वाटते. वजन तर बघाल तर फक्त १५० ते २५० ग्रॅम. पसरलेले पंख मात्र टोकापासून टोकापर्यंत ६५ ते ८२ सेंटिमीटर भरतात. म्हणजे तारेवर छोटीशी वाटलेली उडाली की एकदम मोठी दिसते, गोंधळून जाऊ नका, तीच आहे.

तार म्हटली तरी तिला खांबाचं डोकं जास्त आवडतं, किंवा वाळलेल्या बाभळीचं टोक, किंवा शेतातलं बुजगावणं. कृषी विभागवाले हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षी थांबे लावायला सांगतात ना, इंग्रजी टी सारख्या काठ्या, त्यावर मुख्यतः कोतवाल आणि साळुंक्या बसतात पण खरुचीला आयतीच खुर्ची मिळते.

बाइकवर असाल तर तिच्या बरोबर खाली ब्रेक मारू नका. उडालीच म्हणून समजा. थोडं पुढे जायचं, गाडी हळू करायची, इंजिन बंद, गाडीवर बसूनच मागे वळून बघायचं. गाडीतला माणूस तिला चालतो, चालत येणारा माणूस चालत नाही, असा माझा अनुभव. पायी गेलंच पाहिजे तर सरळ तिच्याकडे चालू नका, तिरपं तिरपं जा, जसं काय आपल्याला दुसरीकडेच जायचंय.

तिसरी पायरी: हवेत थांबते ती वेळ

आता मुख्य गोष्ट. खरुचीची ओळख तिच्या कपड्यात नाही, कामात आहे. ती मोकळ्या रानावर पंधरा-वीस मीटर उंचीवर येते, वाऱ्याकडे तोंड करते, शेपटी पंख्यासारखी पसरून खाली वाकवते आणि पंख भराभर हलवत एका जागेवर टांगून राहते. टांगून हाच शब्द बरोबर आहे, वरून कोणी दोरा सोडलाय असं वाटतं. पंख हलतात, शेपटी हलते, अंग डुलतं, पण डोकं हलत नाही, खिळ्याने ठोकल्यासारखं. दुर्बिणीतून फक्त डोकं बघा एकदा, बाकी काही बघू नका, मी काय म्हणतोय ते कळेल. खाली गवतात काय हललं ते बघायचं तर नजर स्थिर पाहिजे, म्हणून बाकीचं सगळं अंग त्या डोक्यासाठी कसरत करत असतं.

ह्यात जादू काही नाही, हिशोब आहे. समोरून वारा जितक्या वेगाने येतोय तितक्याच वेगाने ती त्याच्यावर उडते, म्हणजे जमिनीच्या मानाने जागच्या जागी. वारा चांगला असला तर पंख हलवायची पण गरज नाही, नुसते पसरून ती हवेत उभी राहते. म्हणून वारा असलेला दिवस निवडा. टेकडीच्या ज्या उतारावर वारा आदळून वर चढतो तिथे तर तिला फुकटचा आधार मिळतो. लळिंगच्या उतारावर मी एकदा एक खरुची चार-पाच मिनिटं जवळपास पंख न हलवता उभी राहिलेली बघितली, आमच्याबरोबरचा शाळकरी भाचा म्हणाला "मामा, हँग झाली का ती?"

काही दिसलं की ती एकदम दगडासारखी पडत नाही, टप्प्याटप्प्याने उतरते. थोडी खाली, परत थांबा, अजून थोडी खाली, परत थांबा, आणि शेवटच्या काही मीटरला पंख वर घेऊन पाय पुढे. बऱ्याच वेळा रिकाम्या हातीच वर येते. उंदीर मिळाला तर खांबावर नेऊन निवांत खाते.

त्या खांबाखाली जाऊन बघा, ती गेल्यावर. केस आणि हाडांचे तुकडे दाबून केलेल्या राखाडी गोळ्या पडलेल्या असतात, बोटाच्या पेराएवढ्या. ती विष्ठा नाही, न पचलेला माल तोंडावाटे टाकलेला असतो. एखादी गोळी कोमट पाण्यात भिजवून काडीने सोडवली तर आत उंदराचा जबडा, नाकतोड्याचे पाय असं काय काय निघतं. घरी आईसमोर करू नका, मी केलंय. आणि हात साबणाने धुवा.

चौथी पायरी: विळा

हे नवीन लोक सोडून देतात आणि हेच सगळ्यात पक्कं. उडताना पंखाचं टोक बघा. खरुचीचं आणि एकूणच ससाण्यांचं टोक अणकुचीदार असतं, पंख मनगटाशी वाकलेला, अगदी गवत कापायच्या विळ्यासारखा. ससाण्याचं फाल्को हे लॅटिन नाव पण विळ्याच्या शब्दावरूनच आलंय असं म्हणतात. शिक्र्याचे पंख याच्या बरोबर उलट, आखूड, रुंद, टोकाला गोल, बोटं पसरल्यासारखी. आकाशात काळी सावली म्हणून गेला तरी हा फरक कळतो.

अजून एक ससाणेपण म्हणजे डोळा. शिक्र्याचा डोळा पिवळा किंवा लाल, रागावलेला, मास्तरसारखा. ससाण्याचा डोळा गडद, जवळपास काळाच, भोवती पिवळी कड, त्यामुळे चेहरा भोळा वाटतो. भोळा नाही अर्थात. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखं एक टोक असतं, त्याने तो भक्ष्याची मान मोडतो. आणि आश्चर्य म्हणजे डीएनए तपासणीतून २००८ च्या सुमारास असं निघालं की ससाणे हे घार-गरुडांपेक्षा पोपटांचे जवळचे नातेवाईक आहेत. मी हे घरी सांगितलं तर आमचे काका म्हणाले मग डाळ खायला घाला त्याला.

पाचवी पायरी: आता रंग

आता कुठे रंगाकडे या. नर आणि मादी वेगवेगळे दिसतात.

नराचं डोकं राखी-निळसर, शेपटी पण तीच राखी, आणि शेपटीच्या शेवटी एकच रुंद काळा पट्टा, त्याच्याखाली पांढरी किनार. पाठ विटेच्या रंगाची आणि त्यावर काळे ठिपके विखुरलेले. मादीचं डोकं तपकिरी, त्यावर बारीक रेषा, पाठ तपकिरी-विटकरी पण ठिपक्यांऐवजी आडव्या काळ्या पट्ट्या जास्त, आणि शेपटीवर पण बऱ्याच बारीक पट्ट्या. दोघांच्याही पोटाचा रंग फिकट बदामी आणि त्यावर गडद थेंब-थेंब. दोघांच्याही डोळ्याखालून गालावर एक काळपट रेघ उतरते, काजळ ओघळल्यासारखी. पाय पिवळे, नख्या काळ्या. ही नख्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मादी नरापेक्षा मोठी असते, शिकारी पक्ष्यांत बहुतेक असंच असतं. आणि त्या वर्षी जन्मलेली पिल्लं, मग ती नर असोत की मादी, मादीसारखीच तपकिरी दिसतात. म्हणून आपल्याकडे हिवाळ्यात दिसणाऱ्यात तपकिरी जास्त भरतात आणि लोकांना वाटतं नर कमी झाले. तपकिरी दिसली की वहीत छातीठोकपणे "मादी" लिहू नका, "मादी किंवा पिल्लू" लिहा. राखी डोक्याचा नर दिसला तर मात्र तो दिवस चांगला समजा.

सहावी पायरी: कोणाकोणात घोळ होतो

सगळ्यात मोठा घोळ कापशी घारीचा, माझा झालेला. कारण ती पण हवेत थांबते! पुस्तकात वाचलेलं असतं "हवेत एका जागी थांबणारा पक्षी म्हणजे खरुची" आणि समोर कापशी थांबलेली असते, आकार पण जवळपास तेवढाच. फरक असा की कापशी पांढरी-राखी आहे, विटकरी छटा कुठेच नाही, पोट कपाशीच्या बोंडासारखं स्वच्छ, खांद्यावर काळा डाग, शेपटी आखूड आणि पांढरट, डोळे लालभडक. थांबताना बऱ्याच वेळा पाय खाली सोडते. तारेवर बसली की शेपटी वर-खाली झटकत राहते. आणि कापशी बाराही महिने इथेच असते, म्हणून जूनमध्ये हवेत थांबलेलं काही दिसलं तर पहिला संशय तिच्यावर घ्या. आता बघा, महिना आधी बघितला असता तर माझ्या अर्ध्या नोंदी तरी वाचल्या असत्या, कारण मी सुरुवातच ऑगस्टमध्ये केली होती.

हवेत थांबणारे अजून दोन आहेत. पाण्यावर थांबत असेल, काळापांढरा असेल तर तो कवड्या खंड्या. आणि घारीपेक्षा मोठा, खालून पांढुरका, जड अंगाचा काहीतरी थांबला असेल तर तो सापमार गरुड. ह्या दोघांत आणि खरुचीत घोळ करायला फारच घाई पाहिजे.

शिक्रा झाडीतला, गावातला. पिंपळात बसतो, चिमण्या-सरडे-खारींवर झडप घालतो, उडताना चार फटकारे मग तरंगणं, चार फटकारे मग तरंगणं. हवेत थांबत नाही. कोतवाल शिक्र्याची नक्कल करून बाकीच्या पक्ष्यांना घाबरवतो ते वेगळंच, तो विषय मोठा आहे.

आता तुरुमती. ही दिसली तर मला निरोप द्या, एवढी ती भारी. हा पण छोटा ससाणा, ३० ते ३६ सेंटिमीटर, डोकं आणि मान गंजलेल्या लोखंडासारखी तांबूस, पाठ राखी, पोटावर बारीक आडव्या रेघा, शेपटीच्या टोकाजवळ काळा पट्टा. खरुचीचं डोकं कधी असं पूर्ण तांबूस नसतं आणि पाठ कधी अशी पूर्ण राखी नसते, म्हणजे जवळपास उलटा रंग म्हणा. तुरुमती पाहुणी नाही, आपल्याच उपखंडातली रहिवासी. जुने वड, ताड, शिंदीची झाडं अशा ठिकाणी जोडीने राहते आणि जोडीने शिकार करते, एकाने छोट्या पक्ष्याला हाकलायचं आणि दुसऱ्याने वरून धरायचं. उंदरांपेक्षा तिला पक्षी जास्त लागतात, संध्याकाळी वटवाघळं पण. पूर्वी ससाणे पाळणारे हिला शिकवून पक्षी धरायला वापरायचे. आता जगाच्या यादीत ती धोक्याच्या उंबरठ्यावर धरलीय, त्यामुळे घरटं सापडलं तर त्याची जागा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. खरंच नका टाकू. फोटोवाले पन्नास जण झाडाखाली उभे राहतात आणि पक्षी घरटं सोडून जातो.

लहान खरुची नावाची एक वेगळी जात आहे, ती मुक्कामाला राहत नाही, भूमध्य समुद्रापासून मध्य आशिया-चीनपर्यंत प्रजनन करते आणि हिवाळ्यासाठी मुख्यतः आफ्रिकेत जाते, त्या वाटेवर आपल्याकडून जाऊ शकते. तिच्या नराच्या पाठीवर ठिपके नसतात, कोरी वीट, आणि गालावर काजळाची रेघ नसते. मादी मात्र आपल्या खरुचीच्या मादीसारखीच दिसते आणि तिथे नख्या कामाला येतात, लहान खरुचीच्या नख्या पांढुरक्या. फोटो काढून मोठा केल्याशिवाय हे दिसत नाही, तर नवीन माणसाने ह्यात डोकं घालू नये. पहिले दोन हिवाळे ती जातच अस्तित्वात नाही असं समजा.

आणि अमूर ससाणा. ह्याची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलीय. आग्नेय सायबेरिया आणि उत्तर चीनमध्ये जन्मतो, दक्षिण आफ्रिकेकडे हिवाळा घालवायला जातो, वाटेत नागालँडमध्ये डोयांग जलाशयाजवळ लाखोंनी उतरतो. २०१२ मध्ये तिथली शिकार जगासमोर आली, पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती बंद केली, आणि २०१३ मध्येच तीन पक्ष्यांना उपग्रहाचे ट्रान्समीटर लावून नागा, पांगती आणि वोखा अशी नावं दिली. हे पक्षी भारत आडवा ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता थेट सोमालियाकडे जातात. तो मार्ग महाराष्ट्रावरून पण जातो, म्हणून नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबर आपल्याकडे पण आकाशावर लक्ष ठेवायला हरकत नाही. नर गडद पाटीच्या रंगाचा, मांड्या आणि शेपटीखालचा भाग तांबूस, उडताना पंखाखालचा पुढचा भाग पांढराशुभ्र. पाय आणि चोचीचं मूळ नारिंगी-लाल. पिवळे पाय दिसले तर ती आपली खरुची. वजन साधारण खरुचीएवढंच किंवा कमी आणि समुद्र ओलांडतोय, मला तर चाळीसगावच्या घाटात बाइक चढवताना दम लागतो.

नोंद करताना

जागेवरच लिहा, घरी जाऊन नाही, घरी गेल्यावर मन रंग भरतं. तारीख, वेळ, गाव, शेतात काय होतं, पक्षी काय करत होता. "खरुची" हा शब्द सगळ्यात शेवटी लिहायचा. आधी जे दिसलं ते: "तारेवर, ताठ, शेपटी लांब, उडून हवेत थांबला, पाठ विटकरी". दोन-तीन महिन्यांनी उघडून बघाल तेव्हा नाव चुकलेलं असलं तरी वर्णनावरून दुरुस्त करता येतं. माझ्या त्या पंधरा-वीस नोंदीत फक्त "खरुची, १" असं लिहिलं होतं, दुरुस्त काय करणार, फाडून टाकल्या. वही जमायला लागली की ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, तिथे चुकीचं वाटलं तर कोणीतरी विचारतं, रागवायचं नाही, तेच शिकवतात.

पडलेला किंवा मांजात अडकलेला पक्षी सापडला, संक्रांतीच्या आसपास सापडतोच, तर हातरुमाल डोक्यावर टाकून डोळे झाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी-मांस चोचीत कोंबू नका, आणि वनविभागाच्या १९२६ ह्या हेल्पलाइनला फोन करा. घरी ठेवून पाळायचा विचार मनात आला तर काढून टाका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. आणि शेत स्वतःचं असेल तर उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनसारखं औषध टाकण्याआधी थोडा विचार करा, ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, आणि तोच वरून आधी दिसतो.

ती येते कुठून आणि जाते कुठे

एका डिसेंबरात वाघूरच्या बाजूला एका शेताच्या बांधावर मी दुर्बीण लावून बसलो होतो, तर एक म्हातारे आबा येऊन उभे राहिले. "काय देखी ऱ्हायना भाऊ?" मी दाखवलं. त्यांनी डोळ्यावर हात धरून बघितलं आणि म्हणाले, "तो ते उंदरं खास. दर हिवायाले येस आठे." मी जे पुस्तकं उलथून शिकलो ते त्यांनी दोन वाक्यात सांगितलं.

खरुचीचा पसारा प्रचंड आहे, ब्रिटनपासून जपानपर्यंत सगळा युरोप-आशिया आणि वर आफ्रिकेचा मोठा भाग. लंडनमधल्या इमारतीवर घरटं करणारी जी जात आहे तीच ही. स्वतः घरटं बांधत नाही, कड्यातली कपार, पडक्या भिंतीतलं भोक, कावळ्याचं जुनं घरटं असं कुठेही ३ ते ६ अंडी घालते, महिनाभर उबवते, आणि आणखी महिनाभराने पिल्लं उडतात. उत्तरेकडे बर्फ पडलं, उंदीर-किडे झाकले गेले, की तिकडच्या बऱ्याच खरुच्या खाली सरकतात, आणि त्यातल्या काही आपल्या हरभऱ्यावर येऊन टांगतात.

पण सगळ्या खरुच्या पाहुण्या नाहीत. भारतातच दोन ठिकाणी ती कायमची राहते. एक हिमालयात, आणि दुसरी, इथे कान टवकारा, पश्चिम घाट आणि दक्षिणेतल्या डोंगरांत. दक्षिणेतल्या रहिवासी पक्ष्यांचा रंग जरा जास्त गडद असतो. आता आपला नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला सह्याद्री, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधे तापीचं सपाट खोरं. सपाटीवरची हिवाळ्यातली पाहुणी आणि डोंगरातली कायमची राहणारी, दोघींच्या मधोमध आपण बसलोय.

आणि ह्या जिल्ह्यांनी आधी एकदा सगळ्यांना खोटं पाडलंय. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड नामशेष झालं असं शंभरएक वर्षं सगळे धरून चालले होते, ते १९९७ मध्ये सापडलं कुठे, तर शहाद्याजवळच्या जंगलात.

म्हणून वहीत मी दोन तारखा लाल पेनाने लिहितो, त्या हंगामात खरुची पहिल्यांदा दिसली ती आणि शेवटची दिसली ती. मार्च संपला, तार रिकामी झाली की दुर्बीण कपाटात टाकू नका. एप्रिल-मेमध्ये, उन्हाने जीव जात असला तरी, एखाद्या रविवारी पहाटे पाटणादेवीला नाहीतर तोरणमाळला जा, देवीचं दर्शन घ्या, सावलीत बसा आणि कड्यांवर नजर ठेवा. वीट रंगाचं काही फिरताना दिसलं आणि "की-की-की-की" असा बारीक आवाज आला तर घाई न करता आधी कापशी नाही ना, शिक्रा नाही ना ते बघा, मग पंखाचं टोक, मग पाठ, मग शेपटी. त्या महिन्यात ती कपारीत ये-जा करत असेल तर लांबूनच बघा, तासभर थांबा, वेळ लिहा, चोचीत काय होतं ते लिहा आणि तिथून गुपचूप निघा.